कोरडा पंप

नागपुरात उन्हाळ्यात जावयापेक्षा कूलरवाल्याचा मान मोठा. जावई रुसला तर सासरा दोन दिवस दम धरेल, पण कूलरवाला रुसला तर मे महिन्यात अख्खं घर ओल्या चादरी पांघरून फरशीवर लोळेल. इंदोरा वस्तीतला रविंद्र गजभिये हा मान पोरवयापासून भोगत आला होता. मार्च लागला की त्याचा फोन थांबायचा नाही, आणि ज्या बायका दिवाळीत त्याला ओळख दाखवत नसत त्या एप्रिलमध्ये त्याला सरबत विचारत. तोही काही कमी नव्हता. सरबत पिऊन, जाळी बसवून, नवं गवत भरून झालं की निघता निघता तो एक वाक्य हमखास ऐकवायचा.

"टाकीत पाणी नसन त पंप बंद करा. कोरडा पंप चालवू नका, जळून जाईन."

लोक हसायचे. काही जण त्याच्या आधीच ते वाक्य म्हणून मोकळे व्हायचे. पण रविंद्र हसत नसे. जळालेल्या पंपाचा वास त्याला आवडत नसे. पाणी नसताना उगाच फिरून फिरून एखादी चांगली वस्तू मरते, याचं त्याला खरंच वाईट वाटायचं.

हे वाक्य त्याच्याइतकंच त्याच्या आईचंही होतं. पार्वतीबाई मूळची उमरेडकडची, हातमागावरच्या घरातली. नवरा मिलमध्ये होता. मिल बंद पडली, मागोमाग नवराही गेला, आणि तिनं लोकांच्या घरची धुणी-भांडी करून रवीला वाढवला. रवीनं दुकान टाकलं तेव्हा ती भांडी सोडून दुकानात येऊन बसली. कूलरच्या बाजूच्या जाळीदार ताट्यांत गवत भरायचं काम तिचं. सूत हाताळलेल्या बोटांना गवत काय जड! ती भरत असलेली ताटी कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही, पाणी सगळीकडून सारखं झिरपणार. आणि गिऱ्हाईक पैसे देऊन उठलं की रवीच्या आधी तीच म्हणायची, "बाई, कोरडा पंप चालवू नका बरं. माह्या पोरगा सांगते थे आयका." पोराचं ज्ञान ती असं वाटायची, जसं कुणी हळदीकुंकवाला वाण वाटतं.

त्या वर्षीचा मे मात्र वैऱ्यावर येऊ नये असा होता. रविंद्र सकाळी निघायचा तो अंधार पडल्यावर घरी यायचा. त्याची बायको रोशनी बर्डीच्या बाजारात कपड्यांच्या दुकानात कामाला, तीही दिवसभर बाहेर. घरी पार्वतीबाई एकटी. आणि एकटी बाई मे महिन्यात नागपुरात काय करते? स्लॅबवर कुरडया घालते.

भर दुपारी कुरडया पलटायला ती वर गेली. चपला तिनं जिन्यातच काढल्या. खायच्या वस्तूजवळ चपला घेऊन जायचं तिच्या जन्मात कधी झालं नव्हतं. साडी अंथरलेली, तिच्या चारी बाजूंनी फिरत, एकेक कुरडई पलटत, तिनं सगळं काम नीट उरकलं आणि खाली येऊन पाणी प्यायली. संध्याकाळी रोशनी घरी आली तेव्हा फरशीवर ओले पाय उमटलेले दिसले. तिला वाटलं, सासू न्हाणीतून आली असेल. दिवा लावला तर तो ओलेपणा पाण्याचा नव्हता.

"आई, तुमचे पाय पाहू!"

पार्वतीबाईनं पाय वर घेतला. डाव्या तळव्याला फोड येऊन फुटले होते. उजव्या टाचेची कातडी तर सुटून लोंबत होती, आणि ती बाई त्याच पायांनी सगळ्या घरभर फिरत होती.

"दुखत नाही का वं तुम्हाले?"

"नाही ना," पार्वतीबाई स्वतःच चकित होऊन म्हणाली. "मले काहीच नाही समजलं."

रविंद्र धावत घरी आला आणि ते पाय मांडीवर घेऊन बसला. आईला साखर आहे हे त्याला ठाऊक होतं. गोळ्या तोच आणून द्यायचा. पण साखरेनं पाय बहिरे होतात, इतके की तव्यासारख्या स्लॅबवर उभं राहिलं तरी मेंदूला निरोप पोचत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. गावभर लोकांची घरं गार करत फिरणाऱ्या माणसाची आई स्वतःच्या स्लॅबवर भाजली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

डावा पाय मलमपट्टीनं सावरला. उजवी टाच सावरेना. इस्पितळातल्या डॉक्टर अरुंधतींनी मेलेलं मांस कापून काढलं तेव्हा टाचेत लिंबाएवढा खड्डा पडला होता. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"हा खड्डा भरला तर पाय राहील. जंतू हाडात शिरले तर राहणार नाही. भरायला मदत करणारं एक यंत्र आहे, ते आपण लावू."

यंत्र साधंच दिसत होतं. जखमेत काळा स्पंज भरायचा, वर पारदर्शक चिकट पापुद्रा लावून ती हवाबंद करायची, पापुद्र्याला भोक पाडून नळी जोडायची, आणि नळीचं दुसरं टोक हातात मावेल अशा पंपाला. पंप जखमेतली घाण आणि पाणी सतत ओढून एका डबीत गोळा करतो, आणि त्या ओढीनं आतलं मांस जवळ येत येत वर चढतं. पेशंटनं तो खांद्याला अडकवून घरी जायचं.

पार्वतीबाईनं ते ऐकलं आणि पलंगाची दांडी घट्ट धरली. "मी नाही लावू देत. माह्यं सारं रक्त ओढून घेईन थे."

डॉक्टरांनी समजावलं, श्वेता नावाच्या नर्सनं समजावलं. बाई ऐकेना. बिनयंत्राचं मरू, पण नळीनं सुकून मरणार नाही, असा तिचा हट्ट. शेवटी रविंद्र तिच्या पायथ्याशी बसला आणि त्याच्या डोक्यात लखकन ती कल्पना आली.

"माय, इकडे पाय. हा पंपच आहे. आपल्या कूलरचा राहते ना, तसाच. टाकीतून पाणी ओढते अन् नळीतून टाकते. अन् हा स्पंज म्हणजे तुही ताटी. तू गवत भरते, तसं यायनं भरलं."

पार्वतीबाईनं स्पंजाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं. "कूलरचाच पंप?"

"हाव. कूलरचाच समज."

"मंग असं सांगा ना बापा!" ती हसली. "आणा, लावा."

सगळे हसले. डॉक्टर अरुंधती रविंद्रला म्हणाल्या, "आम्हाला जमलं नाही ते तुम्ही एका वाक्यात केलंत." त्याला केवढं बरं वाटलं! नंतर श्वेता त्याला सूचना देत होती: मशीन रात्रंदिवस चालू ठेवायचं, अजिबात बंद करायचं नाही, धोक्याची शिट्टी वाजली तर फोन करायचा, पट्टी बदलायला आणायचं. तो मान हलवत होता, पण त्याचे डोळे पंपावर होते. एवढ्याशा यंत्रात मोटर कुठे बसवली असेल, आवाज इतका बारीक कसा, हेच तो पाहत होता. पंपाचं त्याला कुणी काय सांगावं? घरी गेल्यावर त्यानं आईला एवढंच सांगितलं, "हा चालू राहू दे. मी आहो ना." ते सगळं पुन्हा फोडून सांगायची गरज त्याला वाटली नाही.

पंप घरी आला आणि गल्लीत पार्वतीबाईचा मान वाढला. तिनं जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवून त्याला अंगरखा केला. शेजारणी बघायला यायच्या. ती नळी दाखवायची, डबीत जमलेलं लालसर पाणी दाखवायची आणि सांगायची, "कूलरचाच पंप आहे. माह्या रवीनं डॉक्टरले समजावून सांगतलं." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण पोराच्या बाबतीत थोडं वाढवून सांगणं तिच्या हिशेबी खोटं नव्हतंच.

आणि जखम भरू लागली. पट्टी बदलायला गेले तेव्हा डॉक्टरांनी रविंद्रला मुद्दाम आत बोलावून दाखवलं. खड्ड्याच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलसर मांस आलं होतं. "हे जिवंत मांस. असंच चाललं तर पाय वाचला समजा." रविंद्रनं घरी येताना वाटेत गाडी थांबवून संत्र्याची बर्फी घेतली, आणि मग आईची साखर आठवून ती शेजाऱ्यांत वाटून टाकली.

त्यानंतर डबीत येणारं पाणी कमी झालं. आणखी कमी झालं. एक दिवस सकाळपासून नळीत थेंब दिसेना. पंप मात्र आपला गुरगुरत होता.

रविंद्रला हे दिसलं नाही. तो त्या दिवसांत कोराडीच्या कॉलनीत कामाला होता. एकाच रांगेतल्या सगळ्या घरांचे कूलर एकदम दुरुस्तीला काढले होते, आणि तिथून तो रात्री घरी यायचा तेव्हा पंप सुरू असायचा. तो दारातूनच विचारायचा, "माय, चालू आहे ना?" आतून उत्तर यायचं, "हाव, चालू आहे." गुरगुर ऐकून तो हातपाय धुवायला जायचा.

मग एका सकाळी रोशनी त्याला हलवून उठवत म्हणाली, "अहो, आईच्या अंगाले हात लावून पाहा. अन् वास येऊन राहिला."

पार्वतीबाई तापानं फणफणली होती. पांघरूण बाजूला केलं तसा वास खोलीभर पसरला. पंप सुरू होता. दिवा हिरवा होता. नळी जागेवर, पापुद्रा जागेवर. रविंद्रनं सवयीनं सगळं तपासलं आणि त्याला काहीच सापडेना. सगळं व्यवस्थित होतं आणि आई सडत होती.

इस्पितळात श्वेतानं पापुद्रा उचलला आणि तोंड फिरवलं. ती रोज जखमा पाहणारी पोर, तिनं तोंड फिरवलं म्हणजे काय ते रविंद्रला कळलं. डाळिंबाचे दाणे कुठेच नव्हते. काळपट, करडं, बुळबुळीत काहीतरी होतं. डॉक्टर अरुंधतींनी चिमट्यानं आत हळूच टोचलं, आणि कट्ट असा हाडाचा आवाज आला.

"हे असं कसं झालं?" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. "मशीन बंद पडलं होतं का?"

"नाही मॅडम," रविंद्र म्हणाला. "मी रोज पाहतो. रोज चालूच असते. शपथ घेऊन सांगतो."

"बंद राहिल्याशिवाय असं होत नाही. आतला स्पंज ओढ थांबली की ओला पडून राहतो. त्यात जंतू वाढतात. काही तास जरी बंद राहिलं तरी…"

"बंदच ठेवत होती मी."

पार्वतीबाई बोलली. ताप डोळ्यांत उतरला होता, ओठ सुकले होते, पण आवाजात भीती नव्हती. उलट जरा कौतुकच होतं, चांगलं काम कुणाच्या नजरेत आलं म्हणजे माणसाला वाटतं तसं.

"पाणीच नव्हतं येऊन राहिलं ना. दिवसभर बंद ठेवो, अन् संध्याकाळी थोडंसं जमलं असन म्हणून चालू करो." ती पोराकडे वळली. "कोरडा नाही चालू देला, रवी. तुह्या पंप मी जळू नाही देला."

रविंद्रला आपण उभे आहोत की बसलो आहोत ते समजेना. त्याच्या कानात त्याचंच वाक्य वाजत होतं, गल्लोगल्ली, घरोघरी, सरबताचा पेला खाली ठेवता ठेवता म्हटलेलं. ते वाक्य इतक्या घरांत गेलं आणि त्यानं एकाही घराचं वाईट केलं नव्हतं. फक्त त्याच्या घरात येऊन त्यानं डंख मारला. हा पंप कूलरचाच समज, असं त्यानं सांगितलं होतं, आणि आईनं तसं समजून शब्द न शब्द पाळला होता. त्याच्यावर इतका विश्वास आजवर एकाही गिऱ्हाइकानं ठेवला नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "पण पाणी येणं बंद झालं होतं, थे तर… थे काहून बंद झालं?"

डॉक्टर अरुंधतींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. सांगावं की नाही, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, पण सांगितलं खरं.

"जखम भरत आली होती म्हणून. कोरडं होणं म्हणजे बरं होणं. अजून थोडे दिवस नुसतं चालू राहिलं असतं तर पुरलं असतं."

हा घाव मात्र त्याला सोसवला नाही. तो भिंतीशी जाऊन बसला. बरी होत होती म्हणून तिनं बंद केलं. बरी झाली नसती, पाणी वाहत राहिलं असतं, तर तिनं बंद केलं नसतं आणि ती बरी झाली असती. हे कोडं तो डोक्यात उलटसुलट करत होता आणि ते कुठूनही सुटत नव्हतं. श्वेतानं त्याला पाणी आणून दिलं. त्यानं पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला. जंतू हाडातून वर निघाले होते आणि वाट पाहण्यात आईच गेली असती. रोशनी बाहेर बाकावर रडत होती. रविंद्रला रडू येत नव्हतं. समोरच्या भिंतीवरचा कूलर घरघरत होता, आणि आवाजावरून त्याला कळत होतं की टाकीत पाणी नाही. एरवी तो उठला असता, कुणाचाही कूलर असो, त्यानं बटण दाबलं असतं. त्या दिवशी तो ऐकत बसला. थोड्या वेळानं जळका वास आला आणि आतला पंप बंद पडला. तरी तो हलला नाही.

पार्वतीबाई शुद्धीवर आली तेव्हा तिनं आधी पाणी मागितलं. मग चादरीखाली जिथे पाय नव्हता तिथे तिची नजर गेली. रविंद्र तिच्या बोलण्याची वाट पाहत होता. ती शिव्या देईल, ऊर बडवून घेईल, तर बरं होईल असं त्याला वाटत होतं.

"रवी."

"काय माय?"

"त्यायचा पंप परत देला का गा? चांगला आहे ना थो? काही झालं त नाही त्याले?"

"चांगला आहे माय," रविंद्र म्हणाला, आणि आता मात्र तो तिच्या उशीत तोंड खुपसून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

तिला खरं कधी कळलं, हे सांगणं अवघड आहे. त्यानं सांगितलं नाही. रोशनीनं सांगितलं असेल, किंवा ती बाई काही इतकी खुळी नव्हती. पट्टी सोडवायला गेले की ती श्वेताला काहीबाही विचारत बसायची. एका संध्याकाळी ती ताटी भरता भरता एवढंच म्हणाली, "पाणी येणं बंद झालं म्हणजे बरं होऊन राहिलं होतं म्हणते." रविंद्र गुमान उठून बाहेर गेला.

पुढच्या वर्षी मार्च आला. नागपूर तापू लागलं, फोन वाजू लागला. रविंद्र काम करत होता, गवत भरत होता, जाळ्या बसवत होता, आणि सरबत नाकारत होता. निघताना मात्र तो काही बोलत नव्हता. गिऱ्हाईक कौतुकानं वाट पाहायचं, कुणी चेष्टेनं अर्धं वाक्य सुरू करायचं, आणि रविंद्र पिशवी उचलून चालू लागायचा.

एप्रिलमध्ये सुमंत गुरुजी, एक जुनं गिऱ्हाईक, तणतणत दुकानात आले. त्यांच्या हातात नवाकोरा पंप होता, काळा पडलेला.

"रविंद्र, हा पाहा! महिनाही झाला नाही. दरवर्षी कानीकपाळी ओरडता, यंदा तोंडात काय धरलं होतं? सुनेनं कोरडाच चालवला दिवसभर. सांगायचं नाही का?"

रविंद्रनं पंप हातात घेतला. जळका वास त्याच्या नाकात शिरला. काय उत्तर द्यावं? हे सांगायचं मी सोडलंय गुरुजी, सांगितलं की पाय जातो?

दुकानाच्या कोपऱ्यात पार्वतीबाई खुर्चीवर बसली होती. खुर्चीला तिचा नकली पाय टेकवून ठेवलेला होता. उन्हाळ्यात तो चावतो म्हणून ती काढून ठेवायची. मांडीवर अर्धी भरलेली ताटी होती. तिनं बोटांतलं गवत खाली ठेवलं.

"गुरुजी, त्याले बोलू नका. यंदापासून मीच सांगत जातो." तिनं पदर सावरला आणि जुन्या गिऱ्हाईकवाल्या आवाजात सुरुवात केली. "टाकीत पाणी नसन त पंप बंद करा. कोरडा पंप चालवू नका, जळून जाईन."

ती थांबली. गुरुजींनी मान हलवली, त्यांना वाटलं झालं. पण तिचं संपलं नव्हतं. तिनं पोराकडे पाहिलं, थेट, वर्षभरात पाहिलं नव्हतं तसं.

"पण कूलरचाच बरं. माणसाचा असन त कोरडा पडला तरी चालू ठेवा. आपल्याले वाटते त्यात काही येऊन नाही राहिलं. पण थो काम करूनच राहते."

गुरुजींना काही उमगलं नाही. त्यांनी हो हो म्हटलं. रविंद्र काउंटरच्या मागे वाकला आणि नवा पंप शोधायला लागला. खोका समोरच होता, तरी त्याला तो बराच वेळ सापडला नाही.